सुरू न होणाऱ्या संगणकाची घरगुती चौकशी

संगणक सुरू न होणे ही घटना तंत्रशास्त्रात वीजपुरवठा, स्मृती, साठवण आणि आज्ञावली अशा चार-पाच सदरांत मोडते. मराठी मध्यमवर्गीय घरात मात्र ती आधी फौजदारी स्वरूपाची असते. बटण दाबूनही पडदा काळाच राहिला, की काय बिघडले हा प्रश्न मागे पडतो आणि त्यावर शेवटचे कोण बसले होते हा प्रश्न पुढे येतो. नेमक्या त्याच वेळी पत्र्याच्या खोक्यातही एक चौकशी चालू असते, आणि ती खोक्याबाहेरच्या चौकशीपेक्षा पुष्कळ शिस्तशीर असते. तीत दोष शोधला जातो, दोषी नव्हे. या दोन्ही चौकशा एकाच खोलीत, हातभर अंतरावर, एकमेकींच्या गावीही नसताना चालतात, आणि संगणकदुरुस्तीचा बराचसा खर्च याच परस्पर-अज्ञानापोटी होतो.

आतल्या चौकशीचा क्रम ठरलेला आहे. बटण दाबताच प्रथम जागा होतो तो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य विजेत रूपांतर करणारा पत्र्याचा डबा. आपली वीज स्थिर झाली आहे अशी खात्री पटेपर्यंत तो मदरबोर्डला होकार देत नाही आणि होकार मिळेपर्यंत प्रोसेसर एकही आज्ञा पाळत नाही. हा सगळा विधी साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो. त्यानंतर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली बायोस नावाची प्रारंभिक आज्ञावली सूत्रे हाती घेते आणि प्रोसेसर, रॅम, पडद्याला चित्र पुरवणारे कार्ड, कीबोर्ड अशी एकेकाची हजेरी घेते. ही स्वतःची स्वतःच घेतलेली परीक्षा 'पोस्ट' या नावाने ओळखली जाते आणि आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरपासून ती प्रत्येक यंत्रात आहे. हजेरीत कोणी नापास झाले आणि पडद्यावर लिहून दाखवण्याइतकीही सोय उरली नसली, तर यंत्र बीप या आवाजात तक्रार नोंदवते. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्राच्या कार्डात दोष, तर थांबून थांबून येणारे लांब बीप म्हणजे रॅम जागेवर नाही, असे संकेत होते; इतर कंपन्यांची बाराखडी वेगळी होती. कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या खोलीतून अचूक मोजणाऱ्या घरालाही हे बीप मोजण्याची बुद्धी कधी झाली नाही. पुढे अनेक उत्पादकांनी हा आवाज काढणारा छोटा स्पीकरच खोक्यात देणे बंद केले, त्यामुळे आता अहवाल तयार होतो, पण तो वाचून दाखवायला कोणी नसते.

कीबोर्डसंबंधीचा अहवाल मात्र पडद्यावर लेखी येत असे. कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबा, असा त्याचा आशय होता, आणि जगभरच्या संगणकतज्ज्ञांनी त्यातील विसंगतीवर यथेच्छ विनोद केले. भारतीय वापरणाऱ्याला त्यात विसंगती जाणवली नाही, कारण हरवलेल्या शिधापत्रिकेच्या नकलेसाठी मूळ शिधापत्रिका मागणाऱ्या खिडकीसमोर त्याने उमेदीची वर्षे काढलेली होती. या सूचनेत तथ्यही होते. कीबोर्डची वायर सैल झालेली असे किंवा एखादी कळ वहीच्या कोपऱ्याखाली दबलेली असे. ते सुधारून मगच एफ-१ दाबावी, एवढाच तिचा अर्थ होता. परंतु वायर तपासण्याऐवजी घरातील मंडळी निर्जीव कीबोर्डवर एफ-१ चढत्या जोराने दाबत राहत, असे दिसते.

बाहेरच्या चौकशीत साक्षीदार पुष्कळ असतात, पुरावा नसतो. 'काल तर चालू होता' ही सर्वांत सार्वत्रिक साक्ष असून तिचे पुराव्याच्या दृष्टीने मूल्य शून्य आहे, कारण बंद पडलेली प्रत्येक वस्तू त्याआधी चालूच असते. 'मी काही केलं नाही, आपोआप झालं' ही साक्ष सामान्यतः घरातील सर्वांत लहान सदस्याची असते आणि ती बहुतेक वेळा खरी असूनही कोणी ग्राह्य धरत नाही. आरोपपत्र मात्र आधीच तयार असते: त्यात गेम टाकले. एखाद्या गेममुळे कपॅसिटर कसा फुगतो याचे स्पष्टीकरण मागण्याची पद्धत नाही. या शतकाच्या आरंभी जगभर अनेक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर, म्हणजे विजेचा चढउतार पोटात घेणाऱ्या बारीक नळकांड्या, आतील द्रावणाच्या सदोष रसायनामुळे अकाली फुगून फुटू लागले होते, आणि त्या कारखान्यांच्या पापाचे प्रायश्चित्त मराठी घरांतील किती तरी निरपराध मुलांनी सुट्टीभर संगणकबंदी भोगून घेतले असणार. नळकांडीचा माथा सपाट आहे की वर आलेला आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसते; मात्र त्यासाठी आधी खोके उघडावे लागते आणि मुलाकडे पाहणे थांबवावे लागते.

आजोबांचे मत याहून निराळे व अधिक आदरणीय असते. सारखा चालू ठेवल्याने तो तापला, असे ते सांगतात. आजोबांचा सिद्धान्त मिक्सर, इस्त्री, दूरदर्शन संच आणि नातवंडे या सर्वांना सारखाच लागू असल्याने दुर्लक्षिला जातो, पण येथे तो अनेकदा बरोबर निघतो. प्रोसेसरवरील अॅल्युमिनियमच्या पात्यांत वर्षानुवर्षांची धूळ गादीसारखी नव्हे तर अक्षरशः गादी होऊन बसते, प्रोसेसर आणि ती पाती यांमधील उष्णता वाहून नेणारा लेप वाळून जातो आणि ठरावीक तापमानापलीकडे प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ स्वतःला बंद करून घेतो. यावर खोक्याची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावणे हा उपाय केला जातो. तो दुर्दैवाने लागू पडतो. त्यामुळे काढलेला पत्रा कपाटामागे कायमचा जातो आणि यंत्राचा अंतर्भाग घरातील धूळ, झुरळे व एखाद्या पालीसाठी खुला होतो. खंडेनवमीला यंत्रपूजा होते तेव्हा हळद-कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या याच वाटेने पंख्यापर्यंत पोचतात, ही गोष्ट श्रद्धेच्या क्षेत्रातील असल्याने येथे तिची चिकित्सा करणे उचित नाही.

विजेचे प्रकरण सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत शेवटी तपासले जाणारे आहे. भिंतीतील बटण, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस, एसएमपीएसच्या पाठीवरील छोटा काळा स्विच, खोक्याचे दर्शनी बटण आणि मॉनिटरचे वेगळे बटण, अशा सहा ठिकाणी वीज अडू शकते, आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर यांपैकी निदान एक तरी ठिकाण आपल्या मूळ अवस्थेत राहत नाही. मॉनिटरचा दिवा बंद असता संपूर्ण संगणक 'गेला' असे जाहीर करणे हा तर जुना प्रघात आहे. अशा प्रसंगी न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या चिरंजीवांना व्हिडिओ कॉल लावला जातो. दूरस्थ पद्धतीने दुसऱ्याचा संगणक हाताळण्याची साधने त्यांच्यापाशी असतात, पण ती वापरण्यासाठी तो संगणक आधी सुरू असावा लागतो. परिणामी एखाद्या मोठ्या बँकेची संगणकप्रणाली सांभाळणारा हा अभियंता तिकडच्या मध्यरात्री "बाबा, मागचा काळा स्विच बघा" एवढेच सांगत बसतो, आणि बाबा फोनचा कॅमेरा छताकडे धरून तो बघत असतात. गल्लीतील 'कॉम्प्युटरला असलेला' मुलगा, म्हणजे त्या शाखेतून अभियांत्रिकी शिकणारा मुलगा, हाही असाच बोलावला जातो. त्याच्या अभ्यासक्रमात अल्गोरिदम असतात, ऑपरेटिंग सिस्टिमचे सिद्धान्त असतात, स्क्रूड्रायव्हर नसतो. परंतु हे कबूल केल्यास त्याच्या आईवडिलांनी भरलेल्या फीविषयीच शंका निर्माण होईल, म्हणून तो गंभीर चेहऱ्याने खोके उघडतो आणि रॅम काढतो.

रॅम, म्हणजे काम चालू असेपर्यंतच माहिती धरून ठेवणारी तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवणे व ती पुन्हा बसवणे हा भारतीय संगणकदुरुस्तीतील आद्य संस्कार आहे. या सोनेरी दातांवर खरोखरच सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. सोने गंजत नाही. परंतु त्यावर धूळ, हाताचा तेलकटपणा आणि दमट हवेतील मळ यांचा पापुद्रा बसतो आणि विजेचा संपर्क तुटक होतो. अप्सराचे पांढरे खोडरबर या कामी चालते. शाई खोडण्यासाठी मिळणारे खरखरीत रबर मात्र मळाबरोबर सोनेही नेते. या उपायाने संगणक पुष्कळदा सुरू होतो, हे निर्विवाद आहे. श्रेयाच्या वाटणीत मात्र अन्याय होतो, कारण पट्टी खाचेतून काढून पुन्हा घट्ट बसवल्यानेच घर्षणाने संपर्क साफ होतो आणि निम्म्याहून अधिक काम तेथेच झालेले असते. तरीही रबराविना केलेली दुरुस्ती पाहणाऱ्यांना दुरुस्ती वाटत नाही, आणि पाहणाऱ्यांची संख्या अशा वेळी सहसा चारपेक्षा कमी नसते.

मदरबोर्डवर एका छोट्या नाण्याएवढा गोल सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२, कारण त्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसच्या आवडीनिवडी ध्यानात ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो, आणि मग संगणक रोज सकाळी एखाद्या गतकालीन तारखेस, बहुधा १ जानेवारीस, जागा होतो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अद्याप अमलात आलेली नाहीत असा यंत्राचा समज होतो आणि कोणतेही पान उघडत नाही. मग इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राशी कडाक्याचे भांडण होते. एका क्षुल्लक सेलमुळे इतका दूरवरचा माणूस अपमानित व्हावा, असे उदाहरण अन्य घरगुती उपकरणांत सहसा आढळत नाही.

यंत्राचे सारे अवयव ठीक निघाले, तर बायोस साठवणीच्या साधनांकडे वळते आणि ठरवून दिलेल्या क्रमाने प्रत्येकाचा पहिला कप्पा वाचते. जुन्या पद्धतीत हा कप्पा अवघ्या ५१२ बाइटांचा असतो आणि त्याच्या अखेरच्या दोन बाइटांत एक ठरीव खूण असते. खूण दिसली की पुढील कारभार त्या कप्प्यातील आज्ञांवर सोपवला जातो. क्रमात पेनड्राइव्हचा नंबर हार्ड डिस्कच्या आधी असेल आणि गणपतीच्या आरत्यांचा पेनड्राइव्ह खोक्याला लटकत राहिला असेल, तर यंत्र विंडोजऐवजी आरत्यांकडे विचारणा करते व निराश होऊन थांबते. फ्लॉपीच्या काळीही हेच होत असे. विंडोज एक्सपीच्या दिवसांत अशा वेळी एनटीएलडीआर नावाची आरंभीची फाइल गहाळ आहे असा संदेश काळ्या पडद्यावर उमटे आणि बाहेरच्या चौकशीस नवा जोम येई: ती कोणी डिलीट केली? फाइल जागेवर असे, यंत्रच चुकीच्या दारात उभे असे. पण हा खुलासा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नसे.

येथपर्यंतच्या सर्व उपायांवर मात करणारा उपाय म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणे. तो ज्ञानविरोधी वाटतो, परंतु त्यामागे शास्त्र आहे: चालू यंत्राच्या स्मृतीत साचलेली विस्कटलेली अवस्था वीज जाताच पुसली जाते आणि सर्व काही पहिल्यापासून मांडले जाते. अडचण अशी, की बंद म्हणजे काय याची व्याख्याच बदलत गेली आहे. विंडोज ९५ च्या काळी बऱ्याच यंत्रांवर 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाची नारिंगी अक्षरे उमटत आणि माणूस स्वहस्ते वीज तोडत असे. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स रचनेत बटण ही आज्ञा न राहता विनंती झाली, आणि बंद यंत्रातही ५ व्होल्टची एक धारा जागी राहू लागली. म्हणून खऱ्या अर्थाने बंद करायचे तर वायर उपटून दर्शनी बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, म्हणजे कपॅसिटरमधील उरलीसुरली वीज निघून जाते. २०१२ च्या विंडोज ८ ने याहून पुढचे पाऊल टाकले. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून ते 'शट डाऊन' म्हटल्यावर प्रणालीच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलते. सर्व काही नव्याने मांडले जाते ते 'रीस्टार्ट' म्हटल्यावरच. अर्थात रात्री नीट बंद करणारा शिस्तीचा गृहस्थ कालचा दोष काळजीपूर्वक जपून सकाळी परत मिळवतो, आणि घाईघाईने रीस्टार्ट करणारा धसमुसळा मुलगा त्यातून सुटतो. ही गोष्ट घरात सांगण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

या उपायाला जागतिक मान्यता मिळाली ती १९ जुलै २०२४ रोजी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन अडकले. सुरू होत, कोसळत, पुन्हा सुरू होत. दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणांच्या वेळा पांढऱ्या फळ्यावर पेनाने लिहाव्या लागल्या आणि देशात काही ठिकाणी प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास मिळाले. उपाय साधा होता: यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच आज्ञावलींसह सुरू करावे आणि ती एक फाइल काढून टाकावी. परंतु हे प्रत्येक यंत्रासमोर प्रत्यक्ष माणूस बसवून करायचे होते, आणि डिस्क कुलूपबंद असल्यास आधी ४८ अंकी किल्ली टंकायची होती. त्या धामधुमीत मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडमधील संगणकांच्या ग्राहकांना कळवले, की पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केल्याने काहींचे काम झाले आहे आणि त्यासाठी १५ वेळांपर्यंत रीस्टार्ट करावे लागू शकते. एखाद्या वेळी कोसळण्यापूर्वीच सुधारित फाइल जाळ्यावरून येऊन पोचण्याची शक्यता असल्याने सल्ला तर्कशुद्धच होता. तरीही महाराष्ट्रातील असंख्य कार्यालयांत साहेब यायच्या आत बटण पाचसहा वेळा दाबून पाहणाऱ्या शिपाईमामांचे त्या दिवशी उच्चस्तरीय समर्थन झाले, हे नोंदवणे आवश्यक आहे.

एवढ्याने भागले नाही तर हार्डवेअरवाला येतो. त्याच्या पाठपिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, एक रंगाचा ब्रश, एक चालू रॅम आणि विंडोज भरलेला पेनड्राइव्ह असतो, आणि त्याची पद्धत अदलाबदलीची असते: संशयित भाग काढायचा, खात्रीचा भाग लावायचा, आणि यंत्र उठते का ते पाहायचे. दोषीच्या वयाशी, वर्तनाशी किंवा परीक्षेतील गुणांशी त्याला कर्तव्य नसल्याने घरातील चौकशी दिवसभरात जेथे पोचत नाही तेथे तो पंधरा मिनिटांत पोचतो. मात्र अनेकदा तो आला रे आला, की संगणक निमूटपणे सुरू होतो. खोके टेबलावर उचलून ठेवताना सैल वायर आपोआप बसते, हे त्याचे कारण; पण त्यामुळे संगणक खरोखरच बिघडला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कुटुंबावर येते आणि सकाळचे फिर्यादी दुपारी स्वतःच आरोपीच्या स्वरात बोलू लागतात.

विंडोजच उडाले असेल तर तो फॉरमॅट, म्हणजे डिस्कवरील भाग पुसून प्रणाली नव्याने भरणे, हा उपाय सुचवतो आणि विचारतो, "डेटा काही आहे का?" यावर ठरलेले उत्तर येते, "डेटा काही नाही, फक्त फोटो आहेत." फोटो डी ड्राइव्हमध्ये असतील तर वाचतात, डेस्कटॉपवर असतील तर तो सी ड्राइव्हचाच भाग असल्याने जातात. खरी पंचाईत होते ती सोसायटीच्या सचिवांच्या घरी. मराठी मजकूर पूर्वी ज्या फॉन्टांत टंकला जाई त्यांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट पुसला गेला, की वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना उद्गारचिन्हे, कंस आणि रोमन अक्षरांची गर्दी होऊन उघडते. पाणीपट्टीची थकबाकी दाखवणाऱ्या परिशिष्टाचेही तसेच होते, आणि त्याबद्दल काही सभासद फारसे दुःखी नसतात.

मोबदल्याचा व्यवहार शेवटी होतो. मदरबोर्ड गेला असे निदान निघाल्यास रक्कम विनातक्रार दिली जाते, कारण मोठ्या नुकसानीला एक प्रतिष्ठा असते. एक वायर सैल होती असे निघाल्यास मात्र 'नुसती काढून घातली, त्याचे एवढे?' असा वाद उपस्थित होतो. दोष अचूक ओळखण्याचे मोल कोणी देत नाही आणि घाम गाळल्याचे सर्व देतात, हे ध्यानात घेऊन या व्यवसायातील अनुभवी मंडळींनी दुरुस्ती घरी करण्याचे शक्यतो टाळले आहे. ते खोके स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून दुकानात नेतात, दहा मिनिटांत रॅम पुसून लावतात, आणि मग तो सुदृढ संगणक परवा संध्याकाळपर्यंत फळीवर तसाच ठेवतात. मधल्या काळात फोन आला, तर "चेकिंगला लावलाय" असे सांगतात.